त्याच शहरात, त्याच धंद्यात: नोकरीत असताना नोकरी शोधण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील व्यक्तीचा उल्लेख पुढे श्रीमती अ. असा केला आहे. त्यांच्या संमतीनेच हे लिहिले असून कंपन्यांची नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. श्रीमती अ. बडोद्यातील एका मध्यम आकाराच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात डिझाइन विभागाच्या उपव्यवस्थापक होत्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून, म्हणजे जिची पाळेमुळे सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनापर्यंत जातात त्या संस्थेतून, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. सुरुवातीची दोन वर्षे दुसऱ्या एका कारखान्यात काढून त्या या कंपनीत आल्या आणि येथे त्यांना आठ वर्षे झाली होती. घर दांडिया बाजाराजवळ, यजमानांची नोकरी बडोद्यातच, सासूबाईंवर कायमचे उपचार चालू आणि मुलगी तिसरीत, अशा स्थितीत शहर सोडण्याचा विचार घरात कधी निघाला नव्हता आणि निघण्यासारखाही नव्हता.

नोकरी बदलावीशी वाटण्याचे कारण पगार हे नव्हते. कंपनीच्या मालकांनी ६६ केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) दाबापर्यंतचेच ट्रान्सफॉर्मर बनवायचे असे पक्के केले होते. गुजरातच्या वीजजाळ्यात ६६ केव्ही ही उपपारेषणाची नेहमीची पातळी असल्यामुळे या मालाला मागणी कायम असते, आणि धंद्याच्या हिशेबाने तो निर्णय चुकला असे कोणी म्हणणार नाही. परंतु डिझाइन करणाऱ्या माणसाला मग तेच गणित थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा मांडत बसावे लागते. श्रीमती अ. यांना २२० केव्ही आणि त्यावरच्या वर्गात काम करायचे होते. वय पस्तिशीकडे झुकले होते, आणि वरच्या वर्गाचा अनुभव नसलेल्या माणसाला चाळिशीत कोणी तो अनुभव मिळवू देत नाही, हे त्यांनी आपल्याच विभागातील दोन ज्येष्ठांच्या बाबतीत पाहिले होते.

अडचण

बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरचे लहानमोठे कारखाने पुष्कळ असले, तरी मोठ्या दाबाचा माल बनवणारे थोडेच आहेत आणि ते बहुतेक मनेजा, सावली, करजण या पट्ट्यात आहेत. त्यांच्यातली माणसे एकमेकांकडे जात-येत असतात. ज्याच्या हाताखाली आपण शिकलो तो आज समोरच्या कंपनीत असतो, आणि ज्याला आपण शिकवले तो तिसऱ्या. शिवाय मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एर्डा, म्हणजे इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, ही चाचणीसंस्था आहे, जिथे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते आणि ग्राहकांचे इन्स्पेक्टर टाइप टेस्टच्या, म्हणजे नव्या डिझाइनच्या नमुन्याच्या चाचणीच्या, निमित्ताने एकाच आवारात चहा पीत उभे असतात. तिथे सकाळी बोललेली गोष्ट संध्याकाळी वाघोडियाच्या कारखान्यांत पोहोचलेली असते. त्यात मराठी माणसांचे वर्तुळ आणखी लहान. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथल्या घरांत कोणाचा ना कोणाचा मुलगा, जावई किंवा भाचा या उद्योगात आहे, आणि गणेशोत्सवात मंडपात बसलेले काका लोक नोकऱ्यांची चौकशी अगदी मोकळ्या मनाने आणि मोकळ्या आवाजात करतात.

याहून गंभीर बाब अशी की त्या वेळी एका वीज कंपनीची मोठी निविदा तोंडावर आली होती. तिच्यात श्रीमती अ. यांची कंपनी भाग घेणार होती आणि ज्या कंपन्यांकडे त्या जाऊ शकत होत्या त्यांपैकी दोन कंपन्याही घेणार होत्या. अशा निविदेत ट्रान्सफॉर्मरच्या किमतीइतकेच महत्त्व हमी दिलेल्या लॉसच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्येच वाया जाणाऱ्या विजेच्या, आकड्यांना असते, कारण खरेदीदार त्या लॉसचे पैशात रूपांतर करून मगच कोण स्वस्त ते ठरवतो. हे आकडे श्रीमती अ. यांच्या टेबलावर तयार होत होते. म्हणजे त्यांच्या शोधाची कुणकुण लागली असती तर अवघडलेपणा आला असता एवढेच नव्हे, आकडे बाहेर गेल्याचा संशय त्यांच्यावर येऊ शकला असता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

नियुक्तिपत्रात दोन महिन्यांच्या नोटिशीचे, गोपनीयतेचे, आणि नोकरी सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचे अशी तीन कलमे होती. तिसऱ्या कलमाची धास्ती त्यांना सर्वांत जास्त होती, म्हणून त्यांनी वकिलाचा सल्ला घेतला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतरच्या सरसकट बंदीला न्यायालये सहसा थारा देत नाहीत. नोकरी चालू असतानाच्या बंधनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निरंजन शंकर गोलिकरी यांच्या प्रकरणात, पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेलेल्या कर्मचाऱ्याविरुद्धचा मनाईहुकूम कायम ठेवला होता. तात्पर्य, श्रीमती अ. यांना दुसरीकडे जाण्याची भीती बाळगण्याचे फारसे कारण नव्हते. जपायचे होते ते जाईपर्यंतचे वागणे आणि गोपनीय माहिती.

समोर असलेले पर्याय

विभागप्रमुखांना आधीच सांगून टाकावे, हा पहिला पर्याय. ते न्यायी गृहस्थ होते, आणि श्रीमती अ. यांच्या स्वभावाला हेच अधिक जवळचे होते. परंतु दोन वर्षांपूर्वी असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या एका सहकाऱ्याकडची कामे दुसऱ्याच आठवड्यात काढून घेतली गेली होती, आणि त्याला नवी नोकरी मिळायला पुढे सहा महिने लागले. त्या काळात त्या माझा सल्ला घेत असत, आणि माझे मत त्यांना मी तेव्हाच सांगितले होते: शोध सुरू केल्याचे वरिष्ठांना कळवणे हे कर्तव्य नाही, पण त्यांनी विचारले तर खोटे बोलणेही योग्य नाही. या दोन गोष्टींमध्ये चालण्यापुरती वाट असते आणि तीवरूनच जावे. श्रीमती अ. यांनी ते मान्य केले, तरी त्यांचे मन त्या निर्णयाशी पूर्णपणे जुळले नव्हते. पुढेही जुळले नाही.

संकेतस्थळांचा विचार लवकर आटोपला. नोकरी डॉट कॉमवर आपली माहिती ठरावीक कंपन्यांपासून लपवण्याची सोय आहे आणि ती त्यांनी वापरली. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ ही खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. मात्र स्वतःच्या कंपनीतील भरती करणाऱ्यांपासून ती लपेलच याची पूर्ण हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही. एकाच शहरातले मनुष्यबळ अधिकारी एकमेकांना पडद्याची छायाचित्रे पाठवतात, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी ती खूण लावलीच नाही. प्रोफाइलमधील बदल एकदम न करता आणि ओळखीच्या मंडळींना त्याची सूचना जाणार नाही अशी सोय करून केले, एवढेच.

राहिला ओळखींचा मार्ग, आणि खरा विचार इथेच करावा लागला. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना ती ओळख किती वेळा भेटत असे हे तपासले होते. वारंवार भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले १६.७ टक्के होते, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. जवळच्या माणसांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. दूरच्या माणसाकडे नवी बातमी असते, असा त्याचा अर्थ. तो बोस्टनजवळच्या एका उपनगराचा अभ्यास होता आणि बडोद्याला जसाच्या तसा लागू करण्याचे कारण नाही, तरी श्रीमती अ. यांच्या बाबतीत दिशा हीच योग्य ठरली. बसण्या-उठण्यातल्या मैत्रिणींऐवजी कंपनी सोडून गेलेले जुने सहकारी, कॉलेजमधले पुढच्या-मागच्या तुकड्यांतले लोक, ग्राहकांचे अभियंते आणि माल पुरवणारे व्हेंडर अशी यादी तयार झाली.

व्हेंडरचा प्रश्न

या यादीतला सर्वांत उपयोगी माणूस रेडिएटर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर थंड ठेवणारे भाग, पुरवणाऱ्या एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी होता. तो दर आठवड्याला पाच-सहा कारखान्यांत जाई, कुठे कोण जाणार आणि कुठे जागा निघणार हे त्याला मनुष्यबळ विभागाच्याही आधी कळे. श्रीमती अ. कंटाळल्या आहेत हे त्याने न सांगताच ओळखले आणि एकदा जाता जाता म्हणाला, ‘‘बेन, तमे खाली बायोडेटा मोकली आपो, बाकीनुं मारा पर छोडी दो.’’ (ताई, तुम्ही फक्त बायोडेटा पाठवून द्या, बाकीचे माझ्यावर सोडा.) माणूस सज्जन, हेतू चांगला, आणि शब्दाचा पक्का.

मात्र त्याच्या कंपनीच्या नव्या रेडिएटरची तांत्रिक मंजुरी त्याच महिन्यात श्रीमती अ. यांच्या सहीसाठी आली होती. त्याची मदत घेऊन मंजुरी दिली तर ती परतफेड दिसते. नाकारली तर आपल्या शोधाची माहिती नाराज माणसाच्या हाती राहते. माल खरोखर चांगला असला तरी त्या सहीचे मोल उरत नाही. श्रीमती अ. यांनी त्याला, सध्या तसे काही नाही असे न सांगता, ‘‘तुमची फाईल माझ्याकडे आहे तोवर माझ्या कोणत्याही खाजगी कामात तुम्हाला घालणे बरे नाही,’’ असे सांगितले. हे उत्तर मला आजही नमुनेदार वाटते. त्यात नकार आहे, अपमान नाही, आणि खोटेही नाही. त्या माणसाने पुन्हा विषय काढला नाही आणि जे ओळखले होते ते कोणापाशी बोललाही नाही. ग्राहकांच्या इन्स्पेक्टरांनाही याच कारणाने यादीतून काढले गेले, कारण ते ज्या मालाची तपासणी करत होते त्याचे डिझाइन श्रीमती अ. यांचे होते.

अनेकांना हा काटेकोरपणा जास्तीचा वाटेल. ‘सगळे असेच करतात’ हे विधान बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ज्याच्याशी सध्याच्या कंपनीच्या वतीने आपला व्यवहार चालू आहे, त्याच्याकडे स्वतःसाठी शब्द टाकणे म्हणजे कंपनीने दिलेला अधिकार घरच्या कामाला लावणे होय, आणि पुढे जी कंपनी आपल्याला घेईल तिलाही हे कधीतरी कळतेच.

पहिला निरोप

सुरुवात त्यांनी आठ वर्षांपूर्वीच्या कारखान्यातील एका वरिष्ठांपासून केली, जे आता सावलीकडच्या एका मोठ्या कंपनीत होते. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोनवरून, रविवारी सकाळी, त्यांनी लिहिले:

‘‘सर, नमस्कार. बऱ्याच वर्षांत बोलणे झाले नाही, क्षमस्व. मला २२० केव्हीच्या कामाकडे वळायचे आहे आणि बडोदे सोडता येणार नाही. आपण त्या वर्गात काम करता, म्हणून माझ्या अनुभवाच्या माणसाला तिथे नेमके काय कमी पडेल हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी वीस मिनिटे मिळाली तर आपल्या सोयीने फोन करीन. इथे ऑफिसात हे कोणाला ठाऊक नाही, तेव्हा कृपया आपल्यापुरतेच ठेवावे. बायोडेटा मुद्दामच पाठवलेला नाही. वेळ नसेल तर तसे कळवावे, मला वाईट वाटणार नाही.’’

या निरोपात नोकरी मागितलेली नाही, आणि ते केवळ शालीनतेपोटी नाही. ओळखीतून नोकरी शोधणारा माणूस समोरच्याची पत वापरायला मागत असतो. जो आपले नाव पुढे करतो, त्याचे नाव आपल्याबरोबर जाते. आपण कमी पडलो तर त्याच्या साहेबांपुढे तो कमी पडतो. आठ वर्षे ज्याने आपले काम पाहिलेले नाही त्याच्याकडे एकदम ही पत मागणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे, आणि अडचणीत पडलेला मराठी माणूस सहसा ‘बघतो, सांगतो’ म्हणतो आणि मग फोन उचलायचा थांबतो. श्रीमती अ. यांनी त्यांच्याकडून फक्त माहिती मागितली, मुदत घातली नाही, नकाराला जागा ठेवली, आणि काय सांगू नये हे स्पष्ट शब्दांत लिहिले. त्या वरिष्ठांनी चार दिवसांनी स्वतःहून फोन केला, पाऊण तास बोलले, आणि उच्च दाबाच्या इन्सुलेशन डिझाइनचा काय अभ्यास करून ठेवावा ते सांगितले. नोकरीचा विषय त्यांनीच शेवटी काढला: सध्या जागा नाही, दिवाळीनंतर निघेल.

बायोडेटा फिरला

दुसरी ओळख कॉलेजमधल्या वर्गमित्राची होती. तो नात्यातल्या एका मुंजीत भेटला. बोलणे तोंडी झाले, जेवणाच्या पंगतीच्या गडबडीत झाले, आणि संध्याकाळी त्याने मागितला म्हणून श्रीमती अ. यांनी बायोडेटाची पीडीएफ पाठवून दिली. सोबत एवढेच लिहिले की ‘‘जरा लक्ष असू दे.’’ पहिल्या निरोपात जी काळजी होती ती इथे उरली नाही, कारण समोर अरे-तुरेतला मित्र होता. वर्गमित्राच्या कंपनीत जागा नव्हती. त्याने तो बायोडेटा आपल्या ओळखीच्या एका प्लेसमेंट कन्सल्टंटकडे पाठवला. कन्सल्टंटने तो संमती न विचारता तीन कंपन्यांना धाडला. त्यांपैकी एक श्रीमती अ. यांचीच कंपनी होती, जिच्यासाठी तो कन्सल्टंट दुसऱ्या एका जागेची भरती करत होता. बायोडेटात सध्याच्या कंपनीचे नाव ठळक होते, पण ते पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मित्राने मदत केली, कन्सल्टंटने आपला धंदा केला. मनुष्यबळ अधिकाऱ्याने तो कागद थेट विभागप्रमुखांकडे नेला, हे मात्र मला खटकते, कारण भरतीसाठी आलेला अर्ज त्याच व्यक्तीविरुद्ध खबर म्हणून वापरणे योग्य नव्हते. पण त्या जागी बसलेला दुसरा कोणी वेगळे वागला असता असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या बायोडेटात ‘चालू कामे’ या शीर्षकाखाली त्या निविदेतील ग्राहकाचे नाव आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता लिहिलेली होती. लॉसचा आकडा नव्हता. तरीही कंपनी कोणत्या निविदेची तयारी करत आहे, हे दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मेलमध्ये जाऊन पडले होते.

केबिनमधले बोलणे

विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि आडवळण न घेता विचारले. त्या क्षणी श्रीमती अ. यांच्यापुढे तीन उत्तरे होती. बायोडेटा जुना आहे, असे म्हणता आले असते. चालू कामांचा उल्लेख असल्याने ते टिकले नसते. मित्राने परस्पर पाठवला, असे म्हणता आले असते. ते अर्धे खरे होते आणि म्हणूनच जास्त मोहात पाडणारे होते. त्यांनी तिसरे उत्तर दिले. आपण वरच्या वर्गाच्या कामाच्या शोधात आहोत, अजून काहीही ठरलेले नाही, पगाराची तक्रार नाही. बायोडेटात ग्राहकाचे नाव यायला नको होते आणि तो मागे घेण्यास आपण लगेच सांगू. आणि निविदेचे लॉसचे अंतिम आकडे ठरवताना आपल्याला बाजूला ठेवावे असे वाटत असेल तर तसे करावे, आतापर्यंतची सगळी गणिते आजच लिहून सोपवते.

शेवटची तयारी कोणी मागितलेली नव्हती. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, कारण संशयाचे निरसन शब्दांनी होत नसते. संशयाचे साधन हातातून काढून ठेवल्यानेच होते. विभागप्रमुखांनी दोन दिवस विचार केला आणि ती सूचना स्वीकारली. अंतिम आकडे दुसऱ्या अभियंत्याने ठरवले, बाकीचे काम श्रीमती अ. यांच्याकडेच राहिले. पण किंमत चुकवावी लागलीच. हाताखालचे दोघे तरुण अभियंते आता त्या आल्या की बोलणे थांबवत. बैठकांची आमंत्रणे कमी झाली. आणि त्या वर्षीची वेतनवाढ विभागात सर्वांत कमी त्यांना मिळाली. विभागप्रमुख याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि श्रीमती अ. यांनीही विचारले नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी वर्गमित्राला फोन केला. झाले ते सांगितले, दोष दिला नाही, आणि कन्सल्टंटचा ईमेल पत्ता मागून घेऊन त्याला लेखी कळवले की आपला बायोडेटा सर्व ठिकाणांहून मागे घ्यावा आणि पुढे प्रत्येक वेळी कंपनीचे नाव सांगून परवानगी घेतल्याशिवाय कोठेही देऊ नये. मित्र ओशाळला. मैत्री टिकली, आणि पुढे दुसऱ्या कामी त्याचा उपयोगही झाला.

मुलाखती

दिवाळीनंतर दोन मुलाखती झाल्या. दोन्हीसाठी त्यांनी हक्काची रजा घेतली आणि अर्जात ‘वैयक्तिक काम’ लिहिले. मुलीचा ताप किंवा सासूबाईंची तपासणी ही कारणे हाताशी असूनही वापरली नाहीत. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल आणि कामाची वेळ या तिन्ही गोष्टी शोधासाठी वापरायच्या नाहीत, हा नियम त्यांनी पहिल्यापासून पाळला होता.

पहिल्या कंपनीच्या मुलाखतीत, निविदा उघडून गेलेली असूनही, तुमच्याकडे लॉसचे आकडे कसे बसवले हे सांगा, असे विचारण्यात आले. श्रीमती अ. यांनी गाभ्यातील फ्लक्स डेन्सिटी आणि वाइंडिंगमधील करंट डेन्सिटी यांचा मेळ घालण्याची सर्वमान्य पद्धत फळ्यावर मांडून दाखवली, आणि कंपनीचे स्वतःचे आकडे सांगायला नकार दिला. मुलाखत घेणाऱ्याला ते रुचले नाही आणि तिथून पुढे काही कळवण्यात आले नाही. एका आठवड्याने एर्डामध्ये एका चाचणीच्या वेळी तेच गृहस्थ समोर आले. बरोबर श्रीमती अ. यांच्या कंपनीचे लोक होते. दोघांनी एकमेकांना अनोळखी माणसाइतकाच नमस्कार केला, आणि याबाबतीत त्या गृहस्थांचेही कौतुक करायला हवे.

दुसरी मुलाखत जुन्या वरिष्ठांच्या कंपनीत होती. तिथे पसंती मिळाली. पण ऑफर लेटरच्या आधी सध्याच्या विभागप्रमुखांशी बोलण्याची परवानगी मागण्यात आली. प्रमुखांना शोधाची कल्पना असूनही श्रीमती अ. यांनी ती दिली नाही. पूर्वीच्या दोन वरिष्ठांची नावे दिली आणि सध्याच्या ठिकाणी चौकशी ऑफर स्वीकारल्यानंतर करावी, असे सुचवले. ते मान्य झाले. ऑफर पक्की होण्यापूर्वी सध्याच्या साहेबांकडे नवी कंपनी फोन करते आणि मग नवी नोकरी काही कारणाने फिसकटते, तेव्हा माणूस दोन्हीकडून जातो. अशी उदाहरणे मनुष्यबळाच्या कामात असलेल्या कोणीही सांगेल.

निष्पत्ती

राजीनामा दिला तेव्हा विभागप्रमुखांना आश्चर्य वाटले नाही. मालकांनी पगार वाढवून देण्याची तयारी दाखवली. तो प्रश्न येणार हे गृहीत धरून घरी आधीच बोलणे झालेले असल्याने उत्तराला वेळ लागला नाही. नवी कंपनी एका महिन्यात बोलावत होती आणि नोटिशीचे उरलेले पैसे भरायला तयार होती, तरी श्रीमती अ. पूर्ण दोन महिने राहिल्या आणि दोघा तरुण अभियंत्यांना आपली गणिताची पत्रके समजावून दिली. निविदा कंपनीला मिळाली नाही. त्याचे कारण किंमत होते, असे निकालाच्या तक्त्यावरून स्पष्ट दिसत होते, आणि ते तसे दिसले हे श्रीमती अ. यांचे नशीब म्हटले पाहिजे.

ज्यांच्याशी बोलणे झाले होते त्या प्रत्येकाला त्यांनी रुजू होण्याच्या आठवड्यात स्वतः कळवले, ज्यांच्याकडून काही झाले नव्हते त्यांनाही. रेडिएटरवाल्या प्रतिनिधीला फोन केला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मला माहीत होते. नव्या कामात पहिले वर्ष कठीण गेले. पद उपव्यवस्थापकाचेच राहिले आणि पगारातली वाढ किरकोळ होती. मात्र काम २२० केव्हीचे होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट बायोडेटाची. त्याचे दोन नमुने करायला हवे होते: ओळखीच्या माणसाला देण्यासाठी एक पानाचा, ज्यात ग्राहकांची आणि चालू कामांची नावे नाहीत, आणि मुलाखत ठरल्यावर देण्यासाठी सविस्तर. चालू निविदेचा उल्लेख तर सविस्तर नमुन्यातही नको. ‘६६ केव्ही वर्गातील पॉवर ट्रान्सफॉर्मरचे संपूर्ण डिझाइन’ एवढे लिहिल्याने अनुभव कमी दिसत नाही. पानाच्या वरच्या बाजूला ‘परवानगीशिवाय पुढे पाठवू नये’ अशी ओळ टाकली असती तर कन्सल्टंट थांबला असता की नाही सांगता येत नाही, पण वर्गमित्र नक्की थांबला असता.

दुसरी गोष्ट जवळच्या माणसांची. परक्याला लिहिताना आपण सगळे सांगतो आणि मित्राला सांगताना तो समजून घेईल असे धरून चालतो. वास्तविक मित्र जास्त उत्साही असतो, म्हणून त्यालाच जास्त स्पष्ट सांगावे लागते: काय हवे आहे, कोणाला विचारायचे, कोणाला विचारायचे नाही, आणि कागद पुढे द्यायचा की नाही. नात्यातल्या मंडळींनाही हेच लागू आहे. श्रीमती अ. यांच्या चुलत सासऱ्यांना यातले काहीच सांगितले नव्हते, आणि त्यावरून ते नंतर काही दिवस रुसले होते. तो रुसवा परवडणारा होता.

विभागप्रमुखांना आधी सांगायला हवे होते का, यावर श्रीमती अ. आणि मी यांचे एकमत नाही. त्यांचे म्हणणे असे की निविदेचे काम हाती घेण्यापूर्वीच आकड्यांपासून बाजूला ठेवण्याची विनंती करायला हवी होती, आणि शोधाबद्दल काही न सांगता, कामाचा बोजा किंवा घरची अडचण पुढे करूनही ते करता आले असते. मला ते कारण खोटे वाटते आणि म्हणून पटत नाही. प्रतिस्पर्ध्याशी पहिले बोलणे निविदा भरून झाल्यावर सुरू करणे हा सरळ उपाय होता. त्या वरिष्ठांना निरोप पाठवण्यात सहा आठवडे उशीर झाला असता तरी जागा दिवाळीनंतरच निघणार होती. अर्थात तेव्हा हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि सहा आठवडे थांबण्याचा सल्ला मीही दिला नव्हता.

वेतनवाढीबद्दल त्यांना अजून वाटते की विचारायला हवे होते. मला वाटते, विचारून मिळाली नसती, आणि मिळाली असती तर दोन महिन्यांनी राजीनामा देणे जड गेले असते. त्याऐवजी वर्षाचा बोनस हातात पडण्याची तारीख आणि राजीनाम्याची तारीख यांचा हिशेब आधी केला असता तर बरे झाले असते. कंपनीच्या नियमानुसार नोटिशीच्या काळात असलेल्याला बोनस मिळत नव्हता, आणि राजीनामा तीन आठवडे नंतर दिला असता तर ती रक्कम त्यांच्या हक्काची होती.